हेडिसमधलं दही

स्वतःच्या अकलेविषयी ज्याला फार खात्री असेल, त्याने एकदा नागपुरात आमच्या मामेसासऱ्यांच्या घरी जेवायला जावं. पानावरून उठेपर्यंत ती खात्री उरत नाही. हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून हा माणूस मामींना शेजारी बसवून टीव्हीवर अंतराळयानांच्या मालिका पाहतो. तिथल्या यानांना, ग्रहांना ग्रीक पुराणातली नावं असतात, आणि नाव ऐकताच मामा भविष्य सांगून मोकळे होतात. "इकारस नाव ठेवलं ना गा, मंग हे सूर्यापाशी जाऊन जळतेच!" यान जळतं, मामा मामींना टाळी देतात. इथवर ठीक होतं. पण मागच्या उन्हाळ्यापासून त्यांनी ती नावं घरातल्या वस्तूंना द्यायला घेतली. कूलर झाला पोसायडन, कारण तो समुद्राचा देव आणि हा अंगावर पाणी उडवतो. वीज गेली की दिवे लावणारा इन्व्हर्टर प्रोमेथिअस, कारण त्याने माणसांना आग आणून दिली; भिवापुरी तिखटाचा डबा पँडोरा, कारण तिची पेटी उघडली की संकटं बाहेर पडतात. फ्रीज म्हणजे हेडिस, मेलेल्यांचं जग. कालचं वरण शेवटी तिथेच जातं ना! फोन करावा तर, "थांबा जवाईबापू, पोसायडनमंदी पाणी भरून राहिलो." माझं डोकं पार भंजाळून जातं हो.

परवाच्या रविवारी तर कहर झाला. पाहुणे पानावर बसलेले, आणि मामा मला म्हणतात, "जवाईबापू, हेडिसमदून दही काढा." हेडिस कुठलं, पँडोरा कुठला, काही सुचेना, समोर दिसला तो डबा उघडला, आणि पंगतभर शिंका सुरू झाल्या. मामी हसून हसून डोळे पुसत होत्या. मी मात्र भडकलो. जेवणं झाल्यावर मामांना अंगणात गाठलं. "मामाजी, सरळ फ्रीज म्हणायला जीभ झिजते का?"

मामांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "तुमच्या मामीले आताशा शब्द सापडत नाहीत," ते हळूच म्हणाले. "वाढतच जाते म्हणते डॉक्टर. ती फ्रीज विसरली, तं लोकं एकमेकाकडे पाहतात. हेडिस विसरली, तं कोण काय बोलते? इथं कोणालेच आठवत नाही."

तेवढ्यात मामी उरलेलं दही घेऊन दाराशी आल्या. "जवाईबापू, हे त्याच्यात ठेवून द्या ना... ते... काय म्हणतात वो त्याले?"

मला फ्रीज आठवत होता, आणि आता हेडिसही. "मलाही आठवत नाही, मामी," मी म्हणालो.

"तुमालेही?" म्हणत त्या इतक्या खुशीत हसल्या, की मामांनी तोंड फिरवलं आणि पोसायडनच्या टाकीत पाइप सोडला. टाकी आधीच काठोकाठ भरलेली होती.