उड्डाणाची परवानगी

पलटणीला परदेशी जायचा हुकूम आला तेव्हा मी रजेवर गावी, लातूरजवळच्या मुरुडला होतो. तार नाही, पत्र नाही, कंपनीच्या क्लार्कचा फोन. "रजा कॅन्सल. सामान बांधा. पासपोर्ट काढायचाय." घरात कुणाला खरं वाटेना. शिपायाला पासपोर्ट कशाला लागतो, असं आईनं विचारलं.

अनेक देशांनी मिळून उभी केलेली शांतिसेना होती. डोक्यावर निळी हेल्मेटं, गाड्या पांढऱ्या रंगवलेल्या. जायचं होतं आफ्रिकेतल्या एका देशात. त्याचं नाव मी सांगत नाही. तिथली माणसं अजून तिथंच राहतात आणि सरकारही तेच आहे.

मी सिग्नलचा हवालदार. माझं काम रेडिओ सेट. कंपनी जे बोलेल ते वर पोचवायचं, वरून जे येईल ते कंपनीला सांगायचं. मधे आपलं काही घालायचं नाही.

निघायच्या आधी पलटणीच्या प्रमुखांनी, सीओ साहेबांनी, सगळ्यांना एकत्र बसवलं. ते म्हणाले, "तिथं आपली जमीन नाही. आपला दुश्मन नाही. मग आपण का चाललो?" मग स्वतःच म्हणाले, "जगात आपल्या देशाचं बोलणं ऐकलं जावं म्हणून. ज्याचे जवान परक्या उन्हात उभे राहतात, त्याला बैठकीत खुर्ची द्यावी लागते. तुम्ही तिथं उभे राहा. दिल्लीतली माणसं त्या जोरावर बोलतील."

मला ते पटलं होतं. आजही पटतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की मी तक्रार करतोय.

आमच्या कंपनीचा तळ एका रुंद नदीच्या काठी होता. भोवती काटेरी तार, वाळूच्या पोत्यांच्या भिंती, एक लोखंडी फाटक. फाटकाबाहेर नदीपर्यंत झोपड्या आणि ताडपत्र्या. गावं जळाली म्हणून पळून आलेली माणसं तिथं राहत. त्यांच्या जमातीच्या पुढाऱ्यांचं सरकारशी फिसकटलं होतं आणि सरकारची फौज जवळच्याच बाजाराच्या गावात होती. आमच्या झेंड्याच्या सावलीत कुणी हात लावणार नाही, एवढ्या एका भरवशावर ती माणसं तिथं झोपत होती.

त्यांना पाणी आमचा टँकर द्यायचा. टँकरचा ड्रायव्हर लान्स नाईक पोशट्टी, धर्माबादच्या बाजूचा. घरात तेलुगू, बाहेर मराठी, पलटणीत हिंदी. तिन्ही भाषा तो एकाच वाक्यात बोलायचा. वडील मिरचीच्या बाजारात मापाडी. लंगरमधली, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातली, भाजी तोंडात घातली की म्हणायचा, "दादा, ही मिरची न्हाई. लाल रंगाचा भुसा हाय." पलटणीत आम्ही मराठवाड्याचे मोजकेच, म्हणून तो मला दादा म्हणायचा. रोज सकाळी टँकर घेऊन बाहेर गेला की ताडपत्र्यांतून बायका भांडी घेऊन निघत. त्यांची भाषा याला येत नव्हती. तरी याचं बोलणं चालूच. "ओ मावशी, लाईन धरा. समद्यांला मिळतंय."

त्या झोपड्यांत मार्था नावाची एक बाई होती. पूर्वी शाळेत शिकवायची. इंग्रजी चांगलं, म्हणून वस्तीतर्फे तीच आमच्या कंपनी कमांडर मेजर साहेबांशी बोलायची. एके दिवशी दुपारी ती फाटकावर आली. म्हणाली, "बाजारातून फौजेच्या लोकांच्या बायका सामान घेऊन निघून गेल्यात. सगळ्या."

हल्ला होणार, हे मेजर साहेबांना वेगळं सांगावं लागलं नाही. मी शांतिसेनेच्या सेक्टर हेडक्वार्टरला संदेश दिला. जवाब आला: लक्ष ठेवा आणि कळवा. यजमान, म्हणजे तिथल्याच, सरकारशी बोलणी नाजूक टप्प्यावर आहेत. कुणा एकाची बाजू घेतल्यासारखं दिसेल असं काही करू नका.

"पुन्हा वाच," मेजर साहेब म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.  त्यांनी सुभेदार साहेबांना पोत्यांआडचे मोर्चे दुप्पट करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा चालू असताना बाजाराच्या रस्त्याकडून फायर सुरू झाला. आधी रायफली, मग मोर्टार. पहिला गोळा नदीत पडला. दुसरा ताडपत्र्यांत. वस्ती उठली आणि फाटकाकडे धावली. बाया, म्हातारी माणसं, पाठीवर बांधलेली पोरं. पुढची माणसं तारेवर दाबली जाऊ लागली.

फाटक सेक्टरच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही, असा पक्का हुकूम होता. एका बाजूच्या लोकांना आत घेणं म्हणजे बाजू घेणं. मी सेटवर बसलो. सेटवर आमच्या कंपनीचं नाव टायगर.

"सेक्टर, हे टायगर. वस्तीवर फायर येतोय. फाटक उघडायची परवानगी हवी. ओव्हर."

"टायगर, वेट. आऊट."

फौजेत 'वेट आऊट' म्हणजे थांबा, आम्ही विचारून सांगतो. कुणाला विचारणार ते आम्हाला माहीत नसायचं. मेजर साहेब माझ्या बाजूला उभे होते. तारेपाशी एक बाई ओरडत होती, ते तिथपर्यंत ऐकू येत होतं.

"त्यांना सांग, फाटक उघडतोय," ते म्हणाले.

सुभेदार साहेब म्हणाले, "सर, परमिशन..."

"मी विचारत नाही. कळवतोय."

फाटक उघडलं. पण बाजाराच्या बाजूची मशीनगन नेमकी फाटकासमोरच्या मोकळ्या जागेवर चालत होती. आमच्या मोर्च्यांनी उलटा फायर दिला, तरी ती थांबेना. जो धावायचा तो मधेच पडायचा. मागची माणसं जमिनीला चिकटली आणि हलेनात.

पोशट्टी तेव्हा बाहेरच होता. पाणी वाटायला नुकताच गेला होता, टँकर जवळपास भरलेला. त्याला कुणी हुकूम दिला नाही. टँकर वळवून त्यानं तो त्या मोकळ्या जागेत आडवा लावला, मशीनगन आणि माणसांच्या मधे. पाण्यानं भरलेला टँकर गोळी अडवतो. पत्र्याला भोकं पडून धारा लागल्या. त्या धारांखालून माणसं वाकून पळत आत आली. सगळ्यात शेवटी मार्था, एका म्हातारीला धरून.

केबिनमधून उतरताना पोशट्टीला गोळी लागली. कमरेच्या वर, डाव्या अंगाला. दोघांनी त्याला ओढत आत आणलं आणि फाटक बंद झालं.

आमच्याकडे नर्सिंग असिस्टंट होता, डॉक्टर नव्हता. त्यानं जखमेत पट्टी ठासली, सलाईन लावलं आणि माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाला, "आतून रक्त जातंय. हात किंवा पाय असता तर बांधला असता. इथं बांधता येत नाही. ऑपरेशन पाहिजे, लवकर."

सेक्टरच्या हॉस्पिटलला सर्जन होता. हेलिकॉप्टरनं फार लांब नव्हतं. मी कॅज्युअल्टीचा संदेश दिला. सेक्टरचा ऑपरेटर आमच्या देशाचा नव्हता, पण माणूस चांगला होता. म्हणाला, "टायगर, हेलिकॉप्टर तयार आहे. पायलट आत बसलाय. वेट."

आम्ही थांबलो. मी पुन्हा विचारलं. तेव्हा मला कळलं ते असं. हेलिकॉप्टर तिसऱ्याच एका देशाचं होतं. ते उडायला दोन होकार लागत. एक यजमान सरकारचा, की आम्ही याच्यावर फायर करणार नाही. दुसरा पायलटच्या स्वतःच्या राजधानीचा, आणि तो पहिला आल्याशिवाय मिळत नव्हता. यजमान सरकारनं लेखी कळवलं होतं की त्या भागात लढाई चालू नाही, त्यामुळे जखमी असण्याचा प्रश्न येत नाही.

मी हे मेजर साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून हँडसेट घेतला. टायगर सिक्स म्हणजे ते स्वतः. "सेक्टर, टायगर सिक्स. तुम्हाला मागं मशीनगन ऐकू येते? ओव्हर."

"ऐकू येते, टायगर. तुमची एम्बसी वरपर्यंत बोलतेय. वेट."

रस्त्यानं यायचं तर पुलापलीकडे चौथ्या एका देशाची पलटण होती, चिलखती गाड्यांसह. मेजर साहेबांनी त्यांच्याशी बोलणं मागितलं. तिथला कर्नल स्वतः सेटवर आला. म्हणाला, "मेजर, मला पूल ओलांडू नका असा माझ्या राजधानीचा हुकूम आहे. मी माफी मागतो." नंतर कानावर आलं की त्यांच्या देशाला तिथं तेलाचं मोठं काम मिळायचं होतं. खरं खोटं मला माहीत नाही. एवढं खरं, की त्याच्या गाड्यांची इंजिनं चालू होती. त्याच्या सेटवरून आवाज येत होता.

ऊन चढलं. बाहेरचा फायर थांबून थांबून येत राहिला. आत एवढी माणसं झाली की पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांचा रक्तगट जुळत होता ते आमचे जवान बाह्या वर करून नर्सिंग असिस्टंटपुढे उभे राहिले. रक्त काढायच्या पिशव्या आमच्याकडे नव्हत्या. तो सांगत होता की नाहीत, तरी कुणी हलेना. शेवटी सुभेदार साहेबांनी त्यांना मोर्च्यावर परत धाडलं.

पोशट्टी माझ्या सेटपासून हाताच्या अंतरावर होता. सावली तेवढीच होती.

"दादा, येऊन राहिलं का हेलिकॉप्टर?"

"येतंय. परवानगी घेऊन राहिलेत."

"कुनाची?"

 "सगळ्यांची," म्हणालो.

तो जरा हसला. "लईच मोठा मानूस झालो मंग."

मी सेटवर विचारत राहिलो. दर वेळी तेच. वेट. आऊट. ऑपरेटरचा आवाजही बदलत गेला. एकदा मी म्हणालो, "सेक्टर, माणूस जातोय." फौजेच्या सेटवर असं बोलत नाहीत. त्यानं मला टोकलं नाही.

दुपारनंतर पोशट्टीचं हिंदी गेलं, मग मराठी गेलं. तो तेलुगूत बोलायला लागला. मला त्यातलं थोडंच कळायचं. "नीळ्ळु" म्हणजे पाणी, ते कळलं. पोटाला जखम म्हणून पाणी द्यायचं नव्हतं. मार्था जवळ बसली होती. तिनं आपल्या डोक्याचा रुमाल ओला केला आणि त्याच्या ओठांवर ठेवला. तो तिला "अम्मा" म्हणाला. तिनं त्याचा हात धरला आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलत राहिली.

सूर्य नदीपलीकडच्या झाडांवर आला तेव्हा नर्सिंग असिस्टंटनं माझ्याकडे बघून मान हलवली.

मी हँडसेट उचलला. "सेक्टर, हे टायगर. कॅज्युअल्टी फेटल. ओव्हर."

"टायगर, फेटल. रॉजर." मग खरखरीतून, "आय अॅम सॉरी, ब्रदर. आऊट."

परवानगी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. राजधान्यांचं काय ठरलं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, पण बाजारातली फौज मागं सरकली आणि हेलिकॉप्टर उतरलं. पायलट पिकल्या केसांचा होता. तो खाली आला, हेल्मेट काढून काखेत धरलं. म्हणाला, "मी काल दिवसभर सीटवरच होतो. जेवायलाही उतरलो नाही."  त्याच्याशी आमचं भांडण नव्हतं. स्ट्रेचरची एक बाजू त्यानं स्वतः धरली.

जगाच्या त्या मोठ्या बैठकीत या घटनेबद्दल तीव्र चिंता व्यक्त झाली, असं बातम्यांत आलं. फाटक उघडल्याबद्दल मेजर साहेबांची चौकशी झाली. त्यातून ते सुटले, पण पुढची बढती उशिरा मिळाली.

पेटीबरोबर धर्माबादला मीच गेलो. नांदेडपासून रस्त्यावर माणसं उभी होती. शाळेची मुलं, फुलं, घोषणा. पोशट्टीचे वडील घोषणांकडे बघत नव्हते. सगळं आटोपल्यावर त्यांनी मला घरात बोलावलं.

"हवालदार साब, गोळी लागल्यावर किती वेळ व्हता त्यो?"

खोटं सांगायला लोक शिकवतात. लगेच गेला, त्रास झाला नाही, असं सांगायचं. मी खरं सांगितलं. सगळा दिवस सांगितला.

त्यांनी ऐकून घेतलं. "म्हंजे समदे तयार हाय म्हनत व्हते, आन कुनीच येत नव्हतं."

"हाव, काका."

आता मी निवृत्त आहे, लातूरला राहतो. त्या तारखेला दर वर्षी धर्माबादला जातो. मध्यंतरी गेलो तेव्हा काकांकडे टीव्ही चालू होता. त्याच देशाचे अध्यक्ष दिल्लीत आले होते. लाल गालिचा, सलामी, दोन्ही देशांचे झेंडे. करार झाले, खाणींचे, बंदराचे, आणि त्यांच्या फौजेला आपण ट्रेनिंग देणार याचाही. मी टीव्ही बंद करायला उठलो.

"ऱ्हाऊ द्या," काका म्हणाले. "देशाला लागत असंल त्ये. दोस्ती झाली त बरंच हाय. पुन्हा कुनाचा पोरगा अडकला त हेलिकॉप्टर तरी उडंल."

मी बसलो. पडद्यावर दोघे हात मिळवून कॅमेऱ्याकडे बघत होते. पोशट्टीच्या आई आतून चहा घेऊन आल्या आणि पडद्याकडे न बघता परत गेल्या.

काकांनी चहा संपवून विचारलं, "त्या परदेशी मानसाला कुनी सांगितलं असंल का? तुमच्याच लोकांला पानी देताना माझा पोशा गेला म्हनून?"

"सांगितलं असेल, काका."

"न्हाई सांगितलं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "असं बोलनं तिथं कोन काढनार."

लान्स नाईक पोशट्टी, पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर, तालुका धर्माबाद, जिल्हा नांदेड. त्याच्या टँकरआडून त्या सकाळी किती माणसं आत आली, ते कुणी मोजलं नाही. मोजायला तेव्हा कुणाचा हात मोकळा नव्हता. ती नदीकाठी परत गेली, आणि मला जेवढं माहीत आहे त्याप्रमाणे, त्यांतली बरीच अजून जिवंत आहेत.