आठ नंबरचं उत्तर

आधी माफी मागतो. काकूंवर लिहिण्याचा हक्क आपल्या जयपूरच्या मराठी मंडळातल्या कितीतरी जणांना माझ्यापेक्षा जास्त आहे. काकांची विमा कंपनीतून जयपूरला बदली झाली तेव्हापासून या सगळ्यांनी काकूंना पाहिलं आहे, त्यांच्या हातचे मोदक खाल्ले आहेत. माझी ओळख जेमतेम दीड वर्षाची, आणि तीही कामापुरती. शिवाय माझं मराठी घरात ऐकलेलं, अकोल्याकडचं. शाळा सगळी हिंदीत झाली. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं दाखवावं असंही कुणी नाही. तरी लिहितो आहे, कारण यातली एक गोष्ट दुसऱ्या कुणाला माहीत नाही.

काकू प्रश्न विचारायच्या आणि गप्प बसायच्या. यात काय विशेष, असं वाटेल. पण समोरचा माणूस जरा थांबला की आपण लगेच ‘म्हणजे असंच ना?’ म्हणून त्याच्या तोंडात उत्तर घालतो. काकू मनात दहापर्यंत आकडे मोजायच्या. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून हळूहळू सरकायचा, त्यावरून ते कळायचं. दहा झाले की तोच प्रश्न, त्याच शब्दांत, पुन्हा. मान डोलवायची नाही, ‘बरोबर’ म्हणायचं नाही. “आपली मान हलली की त्याचं मत हललंच समज,” असं त्या म्हणायच्या.

लोकांची मतं गोळा करून अहवाल तयार करणाऱ्या एका लहानशा एजन्सीत त्या सुपरवायझर होत्या. काका गेले होते, मुलगी लग्न होऊन नाशिकला होती. आम्ही कॉलेजची सहा मुलं घरोघर फिरून फॉर्म भरायचो आणि काकू ते तपासायच्या. फॉर्मवर प्रत्येक उत्तराला आकडा असे. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि खाली आठ म्हणजे ‘पता नहीं’. आम्हा मुलांना आठ लिहायला आवडत नसे, काम अर्धवट राहिल्यासारखं वाटे. काकूंना मात्र आठ प्रिय. म्हणून मुलं त्यांना मागे ‘पता-नहीं मैडम’ म्हणत. एकदा एक जण फोनवर “चलो, पता-नहीं मैडम आ गईं” असं बोलून गेला आणि काकू त्याच्या पाठीशीच उभ्या.

“भैया, नाम लेना है तो पूरा लो,” त्या म्हणाल्या. “पता-नहीं-तो-नहीं मैडम.”

पहिल्या दिवशी आदर्श नगरच्या त्यांच्या घराच्या व्हरांड्यात त्यांनी सराव म्हणून माझीच मुलाखत घेतली. बाकीची मुलं बाजूला बसून ऐकत होती. सगळं ठीक चाललं होतं. शेवटी जातीचा प्रश्न आला. मी गप्प राहिलो. अंगठा पेरांवरून फिरला. त्यांनी पुन्हा विचारलं. मी तरीही गप्प. त्यांनी शांतपणे नऊचा आकडा लिहिला आणि सगळ्यांना म्हणाल्या, “आठ मतलब पता नहीं, नौ मतलब बताया नहीं. दोनों जवाब हैं. किसी के दरवाज़े पर नौ मिले तो मुँह मत बनाना.”

आम्ही बौद्ध. वडील रेल्वेत, रुळांवर काम करतात. हे मी काकूंना पुढे स्वतःहून सांगितलं, दुर्गापुरा स्टेशनबाहेर जेवायला बसलो होतो तेव्हा. “बरं,” एवढंच त्या म्हणाल्या आणि आपल्या डब्यातली मेथीची भाजी माझ्या पोळीवर वाढली. मग जरा वेळाने, “नऊ पुसू का रे?” मी म्हटलं, “मतलब, तो तर सराव होता.” “‘म्हणजे’ म्हण. ‘मतलब’ नाही,” काकू म्हणाल्या. माझ्याशी त्या हट्टाने मराठीतच बोलायच्या.

आता आमेरचं सांगतो.

घरातल्या कुणाला प्रश्न विचारायचे हे आम्ही ठरवायचं नसे. सगळ्या मोठ्या माणसांची नावं वयाप्रमाणे लिहायची आणि फॉर्मवरच्या तक्त्यातून जे नाव निघेल, त्यालाच विचारायचं. नाहीतर मतं नेहमी दार उघडणाऱ्याचीच येतात. आमेरमधल्या एका घरात सुनेचं नाव निघालं. बाहेरच्या खोलीत सासरे बसले होते. बाजारात त्यांचं दुकान. ते म्हणाले, “उसको क्या पता बेटा, वो रोटी बना रही है. लिखो, मैं बोलता हूँ.” ऊन फार होतं आणि माझी अजून चार घरं राहिली होती. मी लिहिलं. नाव सुनेचं, उत्तरं सासऱ्यांची. बाजारातल्या रस्त्यावर गाड्या बंद कराव्यात का, हा त्या सर्वेक्षणातला मुख्य प्रश्न होता. दोन. म्हणजे नाही.

काकूंनी फॉर्म चाळला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “वय बावीस. पंचवीस प्रश्न. एकही आठ नाही. अरे, एवढं ठाम मत माझं माझ्या जावयाबद्दलसुद्धा नाही.” दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन बसने आमेरला गेल्या.

सासरे जरा चिडले. “बहनजी, मैं और वो अलग थोड़े ही हैं.”

“तो फिर उसी से पूछ लेने में क्या हर्ज है, भाईसाहब?” काकू म्हणाल्या, आणि चपला काढून सरळ आत गेल्या.

स्वयंपाकघराच्या दाराशी त्या खालीच बसल्या. मी बाहेर, पाठ करून. गाड्यांचा प्रश्न ऐकू आला, मग नुसता लाटण्याचा आवाज. पुन्हा प्रश्न. पुन्हा लाटणं. मग खूप बारीक आवाजात, “पता नहीं जी.” काकूंनी आठ लिहिलं. मला वाटलं, एवढ्या लांब येऊन आठच मिळाला.

आम्ही निघालो तेव्हा ती पिठाचे हात तसेच घेऊन दारापर्यंत आली. घुंघट होता, पण आवाज आता स्पष्ट होता. “वो गाड़ियों वाला... मैं अभी सोच रही हूँ. धुआँ तो कम होगा. पर सासूजी को अस्पताल ले जाना पड़ा तो? सोचकर बताऊँ? आप फिर आओगी?”

“आऊँगी,” काकू म्हणाल्या.

बसची वाट बघताना त्यांनी फॉर्म काढला आणि त्या आठच्या बाजूला, समासात, बारीक अक्षरात लिहिलं: ‘अभी सोच रही है.’ मी विचारलं, “काकू, मग उत्तर बदलायचं का?”

“कशाला? आठच आहे ते. पण तुझा दोन तिचा नव्हता, हा आठ तिचा आहे.” मग फॉर्म पिशवीत ठेवत, “मत म्हणजे काय झाडाला लागलेला पेरू आहे का, गेलं आणि तोडून आणलं? कुणीतरी विचारतं, मग माणूस ते तयार करायला बसतो. वेळ लागतो त्याला.” मला त्या रागावल्या नाहीत. बस आल्यावर फक्त म्हणाल्या, “पुन्हा करू नकोस, राहुल.”

मी पुन्हा केलं. तेच सांगण्यासाठी हा लेख.

ज्यांच्यासाठी ते सर्वेक्षण होतं त्यांना स्पष्ट उत्तर हवं होतं, आणि काकूंच्या गटाच्या फॉर्मांत आठ फार होते. कोऑर्डिनेटर साहेबांनी काकूंना ते ‘ठीक करून’ सही करायला सांगितलं. “लोगों ने जो कहा नहीं, वो मैं कैसे कहूँ?” असं म्हणून काकूंनी फॉर्मांचा गठ्ठा तसाच त्यांच्या टेबलावर ठेवला. पुढच्या कामाला काकूंना बोलावणं आलं नाही. मला आलं. फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे दिलं. साहेब म्हणाले, “राहुल, ये आठ वाले देख ले. पड़ोस के घर में जो जवाब है, वही डाल दे. मैडम को बताने की ज़रूरत नहीं.”

एम.ए.च्या अर्जाला मला साहेबांचं अनुभवाचं पत्र हवं होतं. नाही म्हणता येतं, हे मला ठाऊक होतं. काकू माझ्यासमोरच नाही म्हणाल्या होत्या. पण मी कॉम्प्युटरसमोर बसलो. दोन दुपारी लागल्या. दुसऱ्या दुपारी आमेरचा तो फॉर्म हातात आला. समासात काकूंचं अक्षर होतं. शेजारच्या घराचं उत्तर दोन होतं. मी दोन दाबला. त्या मुलीचं उत्तर आणायला काकू बसने गेल्या होत्या, जमिनीवर बसल्या होत्या, दोनदा दहापर्यंत थांबल्या होत्या. मी तिथे सासऱ्यांचं उत्तर परत नेऊन ठेवलं.

अहवाल छापून आला. गुळगुळीत कागद, त्यावर रंगीत गोल. ‘पता नहीं’ची फाक इतकी बारीक होती की तिच्यात आकडा लिहायला जागा नव्हती. मला पत्र मिळालं.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत काकू भेटल्या. आरती झाली होती. मला बाजूला बोलावून म्हणाल्या, “आमेरला जाऊन आले मी. त्या पोरीचं ठरलं.”

“काय ठरलं?”

“ते तिचं तिला. सर्वेक्षण संपलं ना आता.” हसल्या. “चहा पाजला तिने. आणि तुझं काय? ते फॉर्म चढवायचं काम कसं झालं?”

आणि गप्प बसल्या. पदराआड त्यांचा अंगठा हलताना मला दिसला. तिसरं पेर, चौथं पेर. मला सांगायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. सहाव्या की सातव्या पेरावर कुणीतरी प्रसादाचं ताट पुढे केलं, आणि “सगळ्यांना वाटून येतो” म्हणून मी ते हातात घेऊन जो निघालो, तो मागच्या दाराने घरीच गेलो. त्यानंतर मी मंडळात येणं सोडलं. पुष्कळांनी आईला कारण विचारलं. आई सांगायची, अभ्यास आहे. अभ्यास होताही. पण कारण हे होतं.

एम.ए. झालं. आता पीएच.डी.साठी मी स्वतः लोकांच्या मतांचाच अभ्यास करतो आहे. काकू नाशिकला मुलीकडे गेल्याचं आईकडून कळलं होतं. नंबर माझ्याकडे होता. दर दोन-तीन महिन्यांनी मी तो काढायचो आणि पहिलं वाक्य जुळवत बसायचो. गेल्या महिन्यात वर्गात आमचे सर म्हणाले की ‘माहीत नाही’ या उत्तरांचं काय करायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. त्याच दिवशी घरी येऊन मी फोन लावला.

फोन काकूंच्या मुलीने उचलला. मी नाव सांगितलं.

“राहुल? जयपूरचा?” ती म्हणाली. “आई गेली रे. संक्रांतीच्या आधी. तुला कुणी सांगितलं नाही?”

कोण सांगणार होतं? मंडळ मीच सोडलं होतं, आणि हळूहळू आईचं जाणंही थांबलं होतं.

“मला तुझं नाव माहीत आहे,” ती म्हणाली. “तो अहवाल तिने मागवून घेतला होता. त्यातला तो गोल बराच वेळ बघत बसली होती. मी कितीदा म्हटलं तिला, आई, तूच का नाही करत फोन त्या मुलाला? तर म्हणायची, नको, माझं विचारून झालंय. तो अजून विचार करतोय. करू दे.”