टक्क्यांच्या रांगेतला मोदक

काकांच्या हातात मोदक होता आणि माझा हात पसरलेला. मोदक काही खाली येत नव्हता.

"किती टक्के?"

"अठ्ठ्याहत्तर."

"आणि शाळा? सांग की सगळ्यांना."

"म्युनिसिपाल्टीची. लालबागची."

"म्युनिसिपाल्टीचे अठ्ठ्याहत्तर म्हणजे आमच्याकडचे चाळीस," काका म्हणाले. "जा, शेवटी उभी राहा."

सगळे हसले. आईपण हसली. धाकटी जाऊ ती, तिला हसावंच लागलं.

आमच्या घराण्याचा गणपती आधी आमच्या लालबागच्या खोलीत बसायचा. काकांनी प्रभादेवीला मोठा फ्लॅट घेतला आणि गणपती तिकडे गेला. आरती झाली की पोरांची रांग लावायची, ज्याचे टक्के जास्त त्याला पहिला मोदक, ही पद्धत काकांनीच काढलेली. गंमत म्हणून. त्यांची दोन्ही मुलं कॉन्व्हेंटला, ती कायम पुढे. माझ्यापर्यंत ताट येईतो फुटका, सारण सांडलेला मोदक उरायचा.

माझी शाळा चांगली होती. तेव्हा कुणी विचारलं नाही, म्हणून आज सांगते. बाई माझा निबंध वर्गात वाचून दाखवायच्या. प्रश्न आला की माझा हात पहिला वर असायचा.

त्या दिवशी चालत घरी येताना बाबा पुढे पुढे चालले होते. गिरणी बंद पडल्यापासून मोठ्या भावापुढे त्यांची मान वर व्हायची नाही. भर रस्त्यात थांबून आईला म्हणाले, "दादा खोटा नाय बोलणा. चेडवाची शाळा बदलूया."

बदलली. सातवीत मला इंग्रजी शाळेत घातलं. टीचर काय बोलते ते कळायचं नाही. आपल्याला कुणी काही विचारू नये एवढंच वाटायचं. नववीत नापास झाले. दहावीला दोनदा बसले आणि मग शाळा सुटलीच. काका म्हणाले, "मुळात डोकं लागतं." त्यांची गंमत झाली, माझी शाळा गेली. आज परळला मेडिकलच्या दुकानात काउंटरवर उभी असते. शाळेचं आठवलं की अजून रडू येतं.

माझी मुलगी दुसरीत आहे. तिला मी हट्टाने माझ्याच लालबागच्या शाळेत घातलं.

यंदा गणपतीत काकांनी तिच्यापुढे मोदक धरला. केस सगळे पिकलेत त्यांचे, पण सवय तीच.

"शाळा कुठली गं?"

"आईची शाळा," ती खुशीत म्हणाली.

"मग आईसारखीच शेवटी उभी राहा."

सगळे हसले. तीपण हसली. काही न कळता हसली आणि आपल्या पायांनी रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

मी गेले, तिला हाताला धरून रांगेतून बाहेर काढलं.

"काका, प्रसाद देवाचा आहे. तुमचा नाही. माझ्या मुलीला परत शाळा विचारायची नाही. मार्क विचारायचे नाहीत."

मग बाबा उठले. म्हातारे झालेत.

"पाया पड गो त्यांच्या. माझ्यासाठी पड."

बाबांसाठी मी काय नसतं केलं? पण ते केलं नाही. प्रसाद न घेता खाली उतरले. बाबा आमच्यासोबत आले नाहीत.

रस्त्यात नवरा माझ्या बाजूने चालत होता. मग थांबला.

"चिडू नको. पण खरंच, हिची शाळा बदलूया का?"

बाबा असेच थांबले होते. तेव्हा आई काही बोलली नव्हती, मीपण नव्हते. मुलगी माझं बोट धरून वर बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "शाळा बदलणार नाही. त्या घरी जाणं बंद. गणपतीलासुद्धा."

बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत. मुलगी त्याच शाळेत जाते. जाणार.