करपलेल्या पोळीचा हेवा

सुलभाताईंनी मला पोळी-भाजी केंद्रात काम दिलं, पोळी लाटायला शिकवलं आणि गोष्ट सांगायलाही. आठवीत शाळा सुटून भंडाऱ्याहून पुण्याला आलेल्या मुलीसाठी एवढं कोण करतं? तरी मी त्यांच्यावर जळते.

लाटता लाटता आमच्यात गोष्टी चालतात. काल त्यांची होती. एक म्हातारा रोज स्टँडवर मुलाची वाट बघतो. एसटी वेशीजवळ दोनदा हॉर्न देते, माणसं उतरतात, मुलगा काही उतरत नाही. आम्ही हळहळलो. शेवटी कळलं, मुलगा त्याच गाडीचा ड्रायव्हर होता आणि तो हॉर्न बापासाठी होता. सगळ्यांची लाटणी थांबली. पोळ्या भाजणाऱ्या मंदाची तव्यावरची पोळी करपली.

त्या करपट वासाचा मला रात्रभर हेवा वाटला.

आज मी माझी गोष्ट सांगितली. शेवटी नायकाचा जुळा भाऊ निघाला. लाटणी चालूच राहिली, पोळ्या छान टम्म फुगल्या.

"हा कुठून उपटला गं?" सुलभाताई म्हणाल्या. "मीठ कणकेत घालायचं असतं, पोरी. तू पोळीवर भुरभुरलंस."

खरंच, तो हॉर्न त्यांनी आधीच आमच्या कानावर घातला होता. मग आठवलं, माझी शाळा सुटायच्या आधीच आईने माझं दप्तर धुऊन धाकट्याच्या खुंटीला टांगलं होतं. मी रोज बघत होते आणि मला कळलं नव्हतं.

ताई, तुमचे उपकार मी फेडीन. एक दिवस अशी गोष्ट सांगीन की तुमच्या हातची पोळी करपेल.