वहिनींनी काढलेले फोटो

हे मी सुहासलाही सांगितलेलं नाही, आणि तो माझा नवरा आहे. बहिणीला सांगायचं म्हणून एकदा फोन लावला, तर चकल्या का विरघळतात ते विचारून ठेवून दिला. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल तर एव्हाना मनात म्हणाल, ही? हिनं तर विधवा जावेला चारचौघींत कुंकू लावलं होतं! हो, तीच मी. तिथूनच सुरुवात करते.

आम्ही दुबईत राहतो, करामामध्ये. सुहासचे थोरले भाऊ गेल्यापासून वहिनी, म्हणजे माझी मोठी जाऊ, पुण्यातल्या घराबाहेर फारशा पडतच नव्हत्या. त्यांची मुलगी मृणाल तेव्हा हॉस्टेलवर राहून शिकत होती. मीच सुहासला म्हटलं, वहिनींना व्हिजिट व्हिसावर बोलावून घेऊ, दोन महिने राहतील, जरा मोकळ्या होतील. हे मी मनापासून म्हटलं होतं. एवढं तरी खरं धरा.

नवरात्रात मी घरी हळदीकुंकू केलं. पुरुषमंडळींना खाली चहाला पिटाळलं. सगळ्या बायका जमल्यावर — आधी नाही, जमल्यावरच — मी कुंकवाची कोयरी घेऊन सरळ वहिनींसमोर गेले. त्या मागे सरकल्या. मी त्यांचं मनगट धरलं आणि पहिलं कुंकू त्यांना लावलं. टाळ्या पडल्या. एकीच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. कोणीतरी फोटो काढला, तो मी सगळ्या ग्रुपांवर टाकला आणि पुढचे काही दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. वहिनींना ते हवं होतं का? विचारलंच नाही मी. इतकी मी सुधारलेली.

आता सहलीकडे येते. — येते म्हणते, पण हात मागेच राहतो आहे.

दिवाळीची सुट्टी होती. इकडे नोव्हेंबरात हवा माणसात येते, लोक गाड्या काढून डोंगराकडे सुटतात. आम्हीही निघालो, हत्ताच्या बाजूला. त्या डोंगरांत वादी असतात, म्हणजे पावसाच्या पाण्यानं खडक कोरून केलेल्या खोल घळी. वर्षभर कोरड्या, तळाशी गोटे, आणि मध्येच कुठेतरी हिरव्या पाण्याचं डबकं. गाडी मी चालवत होते. शेजारी सुहास, मागे वहिनी आणि आमचा मुलगा ईशान, सातवीतला. आणि माझा नवा कॅमेरा. मोबाइलमध्ये सगळं येत असताना कॅमेरा कशाला, असं सुहास म्हणाला होता. मला दिवाणखान्यात लावायला मोठा फोटो हवा होता. आमचा. सुहासच्या आजारपणानंतरचा पहिला.

हे सांगायचं राहिलं. राहिलं नाही — मी लांबवत होते. त्या ऑगस्टमध्ये सुहासची अँजिओप्लास्टी झाली होती. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. सुहासनं ते ऐकलं आणि तो खरंच काळजी करायचा थांबला. मी मात्र बाथरूमचं दार जरा जास्त वेळ बंद राहिलं तरी बाहेर उभी राहून हाका मारायची. थोरले भाऊ हृदयविकारानंच गेले होते, अगदी ह्याच वयात. आणि त्यांची बायको माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसली होती, ईशानला सोलून संत्र्याच्या फोडी देत.

कळलं का तुम्हाला? मला तेव्हा कळत नव्हतं. किंवा कळत होतं, पण मी त्याला दुसरं नाव दिलं होतं.

पहिल्या वादीत उतरलो. उन्हात तो खडक भाजलेल्या बेसनासारखा दिसत होता. वहिनी सगळ्यांच्या पुढे. मी घेऊन दिलेला सलवार-कमीज, पायात बूट, आणि गोट्यांवरून अशा झपझप चालत होत्या की ईशानला पळावं लागत होतं. फोटोची वेळ आली तेव्हा मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "वहिनी, तुम्ही काढा. तुमचा हात स्थिर आहे." त्यांनी हौसेनं घेतला. कुठलं बटण, कसं धरायचं, सगळं विचारून घेतलं. आम्ही तिघं उभे राहिलो, त्यांनी काढला. पुढच्या वळणावरही तसंच. माणसं चार आणि कॅमेरा एक, कोणाला तरी काढावाच लागणार, यात काय वाईट? असंच मी स्वतःला समजावत होते. मग सुहासनं "दे, मी काढतो" म्हटलं तेव्हा मी त्याला "तू दमशील" असं का म्हणाले? फोटो काढून माणूस दमतो?

डबक्यापाशी ईशाननं तो घोळ घातला. घोळ म्हणते आहे मी, बघा. त्यानं वहिनींच्या हातून कॅमेरा काढून घेतला आणि ओरडला, "मोठीआई, यू आर नेव्हर इन द फोटो! गो, स्टँड विथ बाबा. यल्ला, यल्ला!"

सुहास म्हणाला, "या ना वहिनी, अशा इकडे या." त्या त्याच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. वारा आला, त्यांची ओढणी उडून थेट सुहासच्या तोंडावर. तो धडपडला, आणि वहिनी हसल्या. मोठ्यानं, डोकं मागे टाकून. इतक्या वर्षांत त्यांचं असं हसू मी ऐकलं नव्हतं. सुहासही हसत होता. ईशाननं नेमका तेव्हाच फोटो काढला.

मला मात्र ते बघवलं नाही. मत्सर असता तर बरं झालं असतं हो, मत्सर तरी माणसाचा असतो. पण माझ्या मनात काय आलं, ते जसंच्या तसं लिहिते — हिची ओढणी ह्याच्या अंगावर पडली. ही ज्याच्या शेजारी उभी राहिली तो माणूस गेला. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. माझ्या आईनं असलं काही कधी उच्चारलं नाही, सासूबाईंनीही नाही. कोणी सांगितलं असतं तर आज बोट दाखवायला कोणीतरी असतं.

पुढे एका पेट्रोल पंपावर करक चहासाठी, म्हणजे इकडच्या दाट उकळलेल्या चहासाठी थांबलो. सगळे उतरले. मी म्हटलं, मी गाडीतच बसते. आणि तो फोटो उघडून पाहिला. त्या दिवसातला सगळ्यात सुंदर फोटो होता तो. कॅमेरा विचारतो, खोडायचा का? हो, की नाही? असा दोन क्षण वेळ देतो तो माणसाला. मी हो दाबलं.

माझा चहा घेऊन वहिनी स्वतः खिडकीशी आल्या. "ईशाननं काढलेला दाखव ना गं," म्हणाल्या, "मृणालला पाठवू. आई हसते म्हटलं तर तिला खरं वाटायचं नाही."

मी म्हटलं, "अहो, हलला होता तो. चुकून उडाला बहुतेक."

त्यांनी माझ्या मांडीवरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाल्या. आणि चहा गरम आहे, जपून धर, असं सांगून निघून गेल्या.

त्यांना कळलं का, हा प्रश्न मी बरीच वर्षं स्वतःला विचारायचं नाटक केलं. नाटकच, कारण उत्तर मला त्याच दुपारी मिळालं होतं. हत्ताच्या धरणापाशी आम्ही उतरलो, आणि मी काही बोलायच्या आत वहिनींनी आपणहून हात पुढे केला. "दे इकडे. तुम्ही तिघं उभे राहा." मग संध्याकाळपर्यंत कॅमेरा त्यांच्याचकडे. ईशाननं दोनदा मागितला, तर त्याला म्हणाल्या, "मला आता नाद लागलाय बाबा." रागावल्या असत्या, घुश्शात बसल्या असत्या, तर मी भांडून मोकळी झाले असते. त्यांनी आमचे फोटो काढले. एकही वाकडा नाही, कोणाचं डोकं कापलेलं नाही. त्यातलाच एक मी मोठा करून भिंतीवर लावला.

व्हिसा संपायच्या आधीच त्या परत गेल्या. मृणालची परीक्षा आहे म्हणाल्या. पुन्हा बोलावलं तेव्हा गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे! ज्यांच्यामागे माझं पोर पळत होतं, त्यांचे.

काही वर्षांनी त्या अचानक गेल्या, झोपेतच. महिन्याभरानं मृणालचा फोन आला. ईशाननं तिला सांगितलं होतं की त्यानं मोठीआईचा हसतानाचा फोटो काढला होता. तिच्याकडे आईचा हसरा फोटो एकही नव्हता. "काकू, शोध ना प्लीज, कसाही असला तरी चालेल." मी म्हटलं, कार्ड करप्ट झालं गं, सगळे फोटो गेले. पण तेव्हा व्हिडिओ कॉल चालू होता आणि माझ्या मागे भिंत होती. मृणाल म्हणाली, "हा वाचला वाटतं एकटाच. आईनं काढलाय ना? किती छान काढलाय." मी हो म्हटलं. ती रडत होती. मीही तिच्याबरोबर रडले, आणि तिनं मला समजावलं.

सुहास ठणठणीत आहे. म्हणजे माझा उपाय लागू पडला म्हणायचा?

गेल्या डिसेंबरात पुण्यात मृणालचं लग्न झालं. कन्यादान कोणी करायचं ह्यावर तिच्या मामानं काही बोलायच्या आत ती म्हणाली, काका-काकूच करणार. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई असती तरी लोकांनी तिला पाटावर बसू दिलं नसतं. सगळ्या घरात तू एकटीनं तिला कधी वेगळं मानलं नाहीस. तो कुंकवाचा फोटो मी जपून ठेवलाय."

म्हणजे वहिनींनी तिला काहीच सांगितलं नव्हतं. 

मी तेव्हा बोलू शकले असते. खोलीत आम्ही दोघीच होतो, दार लोटलेलं होतं. मी तिच्या मुंडावळ्या सरळ केल्या आणि पाटावर सुहासशेजारी जाऊन बसले. सगळे विधी केले. नंतर ती जोड्यानं नमस्काराला वाकली, तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, अखंड सौभाग्यवती हो.