बोटीवाल्याची रेघ

माझ्या यजमानांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे भावजी, रेडिओ दुरुस्त करायचे. दुकान एवढंसं होतं. आत एक गिऱ्हाईक बसलं की दुसऱ्याने दारात उभं राहूनच बोलायचं. आलेला रेडिओ भावजी आधी कानाशी धरून बराच वेळ ऐकत, मग झाकण उघडत. लग्न त्यांनी केलं नाही. आमचे हे म्हणायचे, "याला मुलगी दाखवली तर म्हणेल आवाजात खरखर आहे, आधी उघडून बघू." यावर सगळ्यांत मोठ्याने भावजीच हसायचे.

रेडिओ दुरुस्तीला आणणारे लोक संपले तसं दुकान बंद झालं आणि सगळं सामान आमच्या मागच्या खोलीत आलं. हे गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. सकाळचा चहा मी मागे नेऊन द्यायची. बोटीवाल्याची आणि माझी ओळख झाली ती तिथेच.

बोटीवाला राहायचा समुद्रापलीकडे. उभा जन्म जहाजावर बिनतारी संदेश पाठवण्यात घालवून घरी बसला होता. भावजींकडे हौशी बिनतारीचा परवाना होता. रोज चहाच्या वेळी दोघं आपापल्या यंत्रावर बसत आणि टिकटिक करून एकमेकांशी बोलत. कित्येक वर्षांत भेट नाही, फोटोसुद्धा पाहिलेला नाही. बोलणं म्हणजे तरी काय, पाऊस आहे का, गुडघा कसा आहे, अमक्याचा नातू चालायला लागला. त्या टिकटिकीत हसण्यासाठीही एक खूण असते, आधी चार आखूड ठोके, मग दोन. मला तेवढंच ओळखता यायचं. चहा ठेवताना ते ऐकू आलं की मी विचारायची, "आज काय विनोद केला?"

"तुमच्या चहाबद्दल सांगितलं, वहिनी."

माझी मुलगी इंजिनीअर आहे. तिने काकांना अंगठ्याएवढा नवा रिसीव्हर आणून दिला. तो कॉम्प्युटरला जोडायचा, बाकीचं काम आतला प्रोग्रॅम करतो. भावजींनी तो उलटासुलटा करून पाहिला. "याला ना बटण, ना काटा. हा रेडिओ आहे की दातकोरणं?" पण आठवड्याभरात त्यांना त्याचं वेड लागलं. पडद्यावर प्रत्येक स्टेशनाची उजळ रेघ वरून खाली ओघळत येते. जुन्या रेडिओत एका वेळी एकच जागा ऐकू यायची, इथे सगळा शेजार एकदम दिसतो. त्यातली एक बारीक, मधेमधे तुटणारी रेघ बोटीवाल्याची.

या स्वस्त रिसीव्हरांत एक खोट असते. आत एक स्फटिक असतो, त्याच्या कंपनांवर सगळी मापं चालतात. तो जरा हळू किंवा जरा भरभर थरथरला की प्रत्येक स्टेशन आपल्या जागेपासून थोडं सरकलेलं दिसतं. शिंप्याची टेप ताणली गेली की सगळेच कपडे चुकतात, तसं. त्यावर उपाय म्हणून प्रोग्रॅममध्ये एक चौकट असते, तिथे सुधारणेचा आकडा घालायचा. तो काढायचा तर रिसीव्हर आधी चांगला गरम होऊ द्यावा लागतो, कारण थंड असताना तो एक सांगतो आणि तापल्यावर दुसरं. मग जिच्या जागेबद्दल शंकाच नाही अशी रेघ धरायची आणि ती खुणेवर येईपर्यंत आकडा फिरवायचा.

मुलगी सुट्टीला आली तेव्हा काकांच्या खुर्चीमागे उभी राहून पडदा बघत होती.

"काका, हा आकडा कशावरून काढलात?"

"बोटीवाल्यावरून. तो कुठे असतो ते मला पाठ आहे."

"अहो, पण तो कुठे आहे हे त्याला कोण सांगतं?"

भावजींनी चष्मा काढून पुसला. "मीच सांगतो. बरोबर जागेवर आहेस म्हणून."

मुलगी हसून बेजार झाली. "म्हणजे तो तुमच्यावरून घड्याळ लावणार, तुम्ही त्याच्यावरून! आई, ऐकलंस का? जोडीने उशिरा पोचणार हे दोघं!"

बोटीवाल्याचं यंत्र जुनं, त्याने स्वतः जुळवलेलं. वयाबरोबर ते आपल्या जागेवरून हळूहळू खाली, म्हणजे पडद्यावर डावीकडे, सरकत होतं. ते सरकलं की भावजी आपला आकडा सरकवत, त्याच आकड्यावर आपलं यंत्र लावत आणि त्याला सांगत, ठीक आहेस. आधी जुन्या रेडिओच्या काट्यावर, मग या आकड्यावर, वर्षानुवर्षं दोघं असे बरोबरीने घसरत गेले आणि एकालाही पत्ता नाही.

मुलीने वेळ सांगणारं सरकारी स्टेशन शोधलं, त्याची जागा अगदी पक्की असते. रिसीव्हर गरम होऊ दिला आणि आकडा सुधारला. सरकारी रेघ खुणेवर आली, बोटीवाल्याची लांब डावीकडे गेली. तिकडे बघत भावजी म्हणाले, "केवढा दूर गेला गं हा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला सगळं सांगितलं. पलीकडून हसण्याचे ठोके बराच वेळ येत राहिले. उद्या यंत्र उघडून वर येतो, असं तो म्हणाला.

ठरल्या दिवशी तो आला नाही. नव्या जागी नाही, जुन्याही नाही. त्यानंतरही नाही.

भावजींनी दोष रिसीव्हरला दिला. रोज सकाळी तो तापवायचा, सरकारी रेघ धरायची, आकडा काढायचा, खोडायचा, पुन्हा काढायचा. रिसीव्हरला फडकं गुंडाळून पाहिलं, खिडकीतल्या वाऱ्याने थंड होतो म्हणून खिडकी लावून घेतली. शेवटी मुलीला फोन केला. "तुझ्या आकड्यात काहीतरी घोळ आहे. माणूस सापडत नाही."

ती मग म्हणाली, "काका, आकडा चुकला तर रेघ इकडेतिकडे सरकते. नाहीशी नाही होत."

"मला शिकवू नकोस," म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. सगळा जन्म याच कामात गेलेला माणूस, त्यांना हे ठाऊक नव्हतं थोडंच. पण रिसीव्हर बरोबर आहे असं एकदा ठरलं की पुढचंही ठरणार होतं.

बोटीवाल्याच्या गावातल्या दुसऱ्या एका हौशी बिनतारीवाल्याने अखेर पत्राने कळवलं. वर येतो म्हणाला होता त्याच दिवशी सकाळी टेबलाशी बसल्या बसल्या छातीत कळ आली, हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. यंत्र अजून टेबलावर तसंच आहे, झाकण काढलेलं.

भावजींनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. "झाकण काढलं होतं, वहिनी. वर यायला निघाला होता."

मी म्हटलं, "तुमचं ऐकलं त्याने."

"मी गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं? कोणाला त्रास होता आमचा?"

त्यांचा चहा निवला होता, मी तो पुन्हा गरम करून आणला.

त्यानंतरही सकाळी उठल्यावर ते मागच्या खोलीत जात आणि रिसीव्हर चालू करत. पडद्याकडे मात्र पाठ करून बसत. सुटे स्क्रू डबीत भरत, नाहीतर नुसते बसत. मी चहा नेला की बघायची, सुधारणेच्या चौकटीत मुलीने घातलेला आकडा नव्हता. भावजींचा जुना, चुकीचा आकडा परत आला होता.

एकदा न राहवून मी विचारलं, "आज ऐकणार नाही का?"

"अजून गरम व्हायचाय तो," भावजी म्हणाले.

संध्याकाळी दिवे लावायला मागे गेले तेव्हा त्यांनी तो बंद केला होता. मी बोट लावून पाहिलं. चांगलाच तापलेला होता.