बुधवारचं ताट

हां, तर तिसऱ्या ताटाशी आलो होतो आपण. सोमवारी एक, मंगळवारी एक, आणि बुधवारी हे तिसरं. आता टोंगातल्या कुठल्याही गावात रविवारी प्रार्थनेनंतर शेजारी ताट पाठवतातच, त्यात काही नवल नाही. पण बुधवारी? लुसेआनेने फडकं उचललं. नारळाच्या दुधात शिजलेली अळूची पानं, आत मांस, अजून वाफा निघतायत. तिने वास घेतला आणि तिला वास आला तो कटाचा.

तिचा नवरा पेनिसिमानी जाऊन पाच महिने झाले होते. अंगावर काळे कपडे, कमरेला शोकाची फाटकी चटई, आणि वर्ष भरेपर्यंत यातलं काहीही उतरवायचा तिचा विचार नव्हता. अडचण एवढीच, की नाताळ आला होता दहा दिवसांवर. चर्चच्या गायकवृंदातली खालच्या सुराची रांग तीस वर्षं तिच्या जिवावर उभी, आणि नाताळला ती अख्खी रांग पांढऱ्यात. म्हणजे हे लाड तिचं काळं उतरवायलाच.

ताट आणणारी व्हिका, शेजारीण आणि गायकवृंदात तिच्याच रांगेतली, हलायचं नाव घेईना. तिची नजर उघड्या कपाटात.

"काय शोधतेस?"

"काही नाही गं, सहज. झोप लागते का रात्री?"

"विचारायला कोणी आलं नाही की लागते."

व्हिका उठली, पण उंबऱ्यात थांबून म्हणालीच, "तारणाऱ्याच्या जन्माला असं तोंड पाडून बसू नये, बाई."

ते वाक्य लुसेआनेच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. आपला विश्वासच कमी पडतोय की काय? त्यात गायकवृंदाचा मास्तर सेमिसी. राहतो गावाच्या त्या टोकाला, पण रोज संध्याकाळी हिच्याच कुंपणावरून गुणगुणत जायचा. शेवटी प्रार्थनेला बसली तेव्हा तिने विचारलं, "देवा, तुलाही फितवलंय का यांनी?"

शुक्रवारी निरोप आला, की थोरल्या वन्सं सेलुवाया हापाई बेटांवरून बोटीने निघाल्यात. मग तर सगळं लख्खच झालं. शोकात शब्द चालतो तो नवऱ्याच्या थोरल्या बहिणीचा. तिने उतरव म्हटलं की उतरवायचं, संपलं. म्हणजे तक्रार वरपर्यंत पोचली होती. लुसेआनेने चटईवर दुसरी चटई बांधली, गाठीवर गाठ मारली. उतरवायचंच असेल तर निदान वेळ तरी लागू दे.

वन्सं आल्या त्या काखेत गाठोडं घेऊन.

"वन्सं, त्यात पांढरं असेल तर तसंच बोटीवर परत चढवा."

"आधी पाणी तरी विचार. आणि दोन-दोन चटया कशाला? माझा भाऊ काय दोनदा गेला?"

गाठोडं सुटलं. आत काळा झगा, कोरा, इस्त्री केलेला.

"तुझा धुऊन धुऊन करडा पडलाय, असं व्हिकाने कळवलं. कपाटातही दुसरा नाही म्हणाली. चूल पेटत नाही, हेही तिनेच सांगितलं."

"व्हिका मला तोंड पाडू नको म्हणाली."

"व्हिकाच्या तोंडाकडे लक्ष देऊ नकोस, हाताकडे दे. तीन ताटं कोणी रांधली? आणि तो सेमिसी कुंपणापर्यंत येतो आणि विचारायचा धीर न होऊन परत जातो. मग मलाच विचारलंन, पांढऱ्या रांगेत एक काळी बसली तर चालेल का. म्हटलं, चालेल. तू गायलंच पाहिजेस असं नाही. रडू आलं तर रड. मरिया घरापासून लांब, गोठ्यात बाळंत झाली, ती काय सारखी हसतच होती?"

लुसेआने बराच वेळ झग्याची शिवण तपासत राहिली. आत कुठे पांढरा धागा दडवलाय का, तेही तिने पाहिलं. नव्हता. मग वरच्या चटईची गाठ सोडत ती म्हणाली, "येईन, पण गाणार नाही, आधीच सांगून ठेवते. दुसऱ्या कडव्याला ती व्हिका दरवर्षी सूर सोडून वर चढते, तिला कोपर मारायला कोणीतरी शेजारी हवं, म्हणून येते."